दृष्टीच्या नसेला खोडवा फुटत नाही

ऊस हंगाम लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडी, संकेश्वर-हुक्केरी, अथणी-कागवाड या पट्ट्यात अंधार पडल्यावर ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीला बहुधा दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं भरलेला असतो आणि उसाची टोकं फाळक्याबाहेर हातभर आलेली असतात. अशा ट्रॉलीवर मागून आदळलेल्या बिनहेल्मेटच्या माणसाला अनेकदा भुवईच्या बाहेरच्या कोपऱ्यावर मार बसतो. कपाळाला टाके पडतात, डोळा सुजून मिटतो. तीन-चार दिवसांनी पापणी उघडते तेव्हा डोळा दिसायला अगदी धड असतो. बुबुळ स्वच्छ, बाहुली काळी, फार तर पांढऱ्यावर थोडं रक्त साकळलेलं. पण त्या डोळ्यानं त्याला खिडकीतला उजेडही कळत नाही.

घरच्यांना हे पटत नाही, आणि कसं पटावं? डोळा फुटला असता तर पटलं असतं. धड दिसणारा डोळा आंधळा आहे, आणि कारण विचारलं तर डॉक्टर म्हणतात, "मागची नस गेली." मग बेळगाव झालं, मिरज झालं, हुबळी झालं, कोल्हापूर झालं, सगळीकडे उत्तर तेच. महिन्याभरात कुणा पाहुण्याच्या मोबाईलवर एक व्हिडिओ येतो: स्टेम सेलनं, म्हणजे दुसऱ्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींनी, नस परत जिवंत होते. रक्कम लाखांत असते. एकरभर रान गहाण टाकायचं का, यावर घरात चर्चा सुरू होते. हा लेख त्या चर्चेला बसलेल्या माणसांसाठी आहे.

आधी ती नस नीट समजून घेऊ. डोळ्याच्या मागून निघून मेंदूकडे जाणारी ही नस जेमतेम ५ सेंटीमीटर लांब. तिच्यात १० ते १२ लाख धागे असतात आणि प्रत्येक धागा म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या (रेटिनातल्या) एकेका गँग्लियन पेशीची शेपटी. डोळ्याच्या भिंतीतून जाणारा तिचा भाग १ मिलिमीटरचा. मग डोळ्याच्या खोबणीत २५ ते ३० मिलिमीटर, तिथं ती थोडी सैल, नागमोडी असते, म्हणून डोळा इकडेतिकडे फिरला तरी ताणली जात नाही. पुढं १० मिलिमीटरच्या आसपास ती हाडाच्या अरुंद बोगद्यातून जाते आणि शेवटी तेवढीच कवटीच्या आत. घात होतो तो या बोगद्यात. तिथं नसेचं आवरण हाडाला चिकटलेलं असतं, हलायला जागाच नाही. भुवईवर बसलेला तडाखा खोबणीच्या छताच्या हाडातून थेट तिथवर पोचतो. धागे ओढले जातात, बारीक रक्तवाहिन्या तुटतात, नस सुजते, आणि सुजायला जागा नसल्यानं स्वतःच स्वतःला आवळते. जखम भुवईवर, इजा तिथून चार-पाच सेंटीमीटर आत.

म्हणून पहिल्या दिवशी डोळ्यात पाहिलं तरी काही सापडत नाही. नसेचं तोंड गुलाबीच दिसतं. ते फिकट पडायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दिवशी सांगते ती बाहुली, आणि तिला विचारायला लागते साधी बॅटरी. खोली अर्धी अंधारी करायची. रुग्णाला लांब बघायला सांगायचं, कारण जवळ बघितलं की बाहुली आपोआप बारीक होते. बॅटरी थोडी खालून धरून चांगल्या डोळ्यावर दोन-तीन सेकंद, मग झटकन दुसऱ्यावर दोन-तीन सेकंद, परत पहिल्यावर. चांगल्या डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या बारीक होतात. उजेड दुखावलेल्या डोळ्यावर नेला की बाहुली बारीक व्हायच्या ऐवजी मोठी होऊ लागते, कारण उजेडाची खबर आत जातच नाही. मारामुळं त्या डोळ्याची बाहुली आधीच फाकून थिजली असेल तर दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीकडं बघत राहायचं, उत्तर तेच मिळतं. माणूस बेशुद्ध असला तरी ही तपासणी होते.

ती होत नाही तेव्हा कारणं ठरलेली असतात. पापणी सुजलेली म्हणून कुणी उघडतच नाही. सगळं लक्ष टाक्यांवर आणि डोक्याच्या सीटी स्कॅनवर असतं. कुणीतरी पडदा बघायला बाहुली मोठी करायचे थेंब घालून ठेवतो आणि पुढचे काही तास बाहुली काहीच सांगू शकत नाही. दोन्ही नसा सारख्याच दुखावल्या असतील तर फरक दिसत नाही. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक माणसाच्या केसपेपरवर बाहुलीची ही एक ओळ असलीच पाहिजे, आणि ती आहे का हे नातेवाइकांनी विचारावं. त्यात उद्धटपणा काही नाही.

याच वेळी एक गोष्ट खरोखर तासांवर असते. डोळ्यामागं रक्तस्राव होऊन खोबण दगडासारखी घट्ट झाली, डोळा बाहेर आला, हलेनासा झाला आणि नजर जात चालली, तर पापणीचा बाहेरचा कोपरा कापून तो दाब तिथल्या तिथं मोकळा करावा लागतो. दीड-दोन तासांत झालं तर डोळा वाचू शकतो. स्कॅनच्या रांगेत थांबलं की वेळ जातो. हे काम तालुक्याच्या दवाखान्यातही होऊ शकतं, कात्री आणि भूल एवढंच लागतं. या भागात स्टेम सेलपेक्षा या एका छेदाची माहिती पसरली तर जास्त डोळे वाचतील, असं माझं ठाम मत आहे.

बोगद्यातल्या इजेला मात्र असा छेद नाही. पूर्वी स्टेरॉइडची मोठी इंजेक्शनं सर्रास दिली जात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात १३३ रुग्णांची माहिती गोळा झाली होती. स्टेरॉइड दिलेले, बोगद्याचं हाड काढून नस मोकळी केलेले आणि काहीच न केलेले, यांत स्टेरॉइड किंवा शस्त्रक्रियेचा स्पष्ट फायदा निघाला नाही. काहीच न केलेल्यांचा गट फारच छोटा होता, हे खरं. पण त्यांच्यातल्याही निम्म्याच्या आसपास लोकांची नजर तक्त्यावर तीन ओळींनी किंवा अधिक सुधारली होती. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. नंतर डोक्याच्या दुखापतीत स्टेरॉइड द्यावं का हे पाहणारी क्रॅश नावाची मोठी चाचणी झाली, १०,००८ रुग्णांची. त्यात दोन आठवड्यांतले मृत्यू स्टेरॉइड दिलेल्यांत २१ टक्के आणि न दिलेल्यांत १८ टक्के निघाले. चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्यामुळं मेंदूला मार असताना डोळ्यासाठी म्हणून मोठ्या मात्रेचं स्टेरॉइड घालणं आता बरोबर मानत नाहीत. कधी फक्त थांबावं लागतं. सुरुवातीला थोडा तरी उजेड कळत असेल तर आशा जास्त, अजिबात कळत नसेल तर फार कमी.

दोन-तीन महिन्यांत चित्र स्पष्ट होतं. ओसीटी नावाच्या तपासणीत पडद्यावरच्या धाग्यांच्या थराची जाडी मोजतात. निरोगी माणसात ती ९० ते १०० मायक्रॉनच्या आसपास असते. पूर्ण गेलेल्या नसेत ती ५०च्या आसपास येऊन थांबते. ते उरलेले ५० मायक्रॉनही धागे नसतात. रक्तवाहिन्या आणि आधाराच्या पेशी तेवढ्या राहतात. त्या आकड्याचा अर्थ असा, की ज्या पेशींच्या शेपट्या तुटल्या त्या पेशी आता पडद्यात नाहीत.

ऊस तोडला तरी बुडख्यातून खोडवा फुटतो. हाताच्या नसेचं तसंच आहे. मनगटाशी कापलेली नस शिवली तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढत ती बोटांपर्यंत जाते, कारण तिच्या आवरणातल्या श्वान पेशी जुना कचरा साफ करतात, वाट मोकळी ठेवतात आणि वाढायला खतपाणीही घालतात. दृष्टीच्या नसेला खोडवा फुटत नाही. ती नावाला नस, मुळात मेंदूचाच बाहेर आलेला भाग. तिचं आवरण वेगळ्या पेशी बनवतात, ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या, आणि त्या आवरणात नोगोसारखी प्रथिनं असतात, जी धाग्याला वाढू नको म्हणून सांगतात. इजेच्या जागी चट्टा धरतो, तो वाट अडवतो. जन्मानंतर गँग्लियन पेशीची स्वतःची वाढायची शक्ती जवळजवळ बंद पडलेली असते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेपटी तुटली की ती पेशी काही आठवड्यांत स्वतःच मरते. म्हणजे बुडखाच राहत नाही.

तरीही दार कायमचं बंद आहे असं नाही. मॉन्ट्रियलमध्ये अल्बर्ट अग्वायो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात उंदरांच्या कापलेल्या दृष्टीच्या नसेला पायाच्या नसेचा तुकडा जोडून पाहिला. थोडेसे धागे त्या तुकड्यातून काही सेंटीमीटर वाढत मेंदूपर्यंत गेले. म्हणजे पेशी अगदीच असमर्थ नव्हती, तिला वाट मिळत नव्हती. बेडकात तर ही नस आपसूक वाढते. रॉजर स्पेरी यांनी १९४०च्या दशकात बेडकांची दृष्टीची नस कापून डोळा खोबणीत उलटा फिरवून बसवला. नस वाढली, नजर आली, पण वर उडणारी माशी पकडायला बेडूक जीभ खाली मारायचा आणि कितीही दिवस गेले तरी सुधारायचा नाही. प्रत्येक धागा मेंदूतल्या आपल्या जुन्या ठरलेल्या जागीच जाऊन चिकटला होता. स्टेम सेलबद्दल बोलताना हा बेडूक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण नजर म्हणजे नुसतं धागे वाढणं नाही, दहा लाख धाग्यांनी दहा लाख ठरलेल्या घरी जाणं आहे, हे त्यानं दाखवलं.

आता प्रयोगशाळेत बनवलेली नवी गँग्लियन पेशी डोळ्यात सोडली असं समजू. अशा पेशी बनवता येतात, त्यात खोटं काही नाही. शिन्या यामानाका यांनी २००६ साली साध्या पेशीला मागं नेऊन स्टेम सेलसारखी करून दाखवली, २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि अशा पेशींपासून डोळ्याच्या अनेक पेशी आज तयार होतात. पण आपल्या या पेशीला पुढं काय काय करायचं आहे बघा. आधी जिवंत राहायचं, बहुतेक मरतात. पडद्याच्या नेमक्या थरात शिरायचं. मागच्या पेशींशी जोडून घ्यायचं, नाहीतर खबरच मिळणार नाही. मग शेपटी पडद्यावरून सरकवत नसेच्या तोंडाशी न्यायची, तिथल्या चाळणीसारख्या जाळीतून पार करायची, ५ सेंटीमीटर वाढवायची. मेंदूखाली दोन्ही नसा भेटतात त्या तिठ्यावर, पडद्याच्या नाकाकडच्या भागातला धागा असेल तर पलीकडं ओलांडायचं, कानाकडचा असेल तर आपल्याच बाजूला राहायचं. पुढं मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागात योग्य थरात योग्य जागी चिकटायचं, आणि मग त्या सगळ्या लांबीवर आवरण चढायचं. यातली एकेक पायरी उंदरात थोडीफार जमली आहे. सगळ्या पायऱ्या एका ओळीत, माणसात, नजर येईल इतक्या संख्येनं, आजवर कुठंही जमलेल्या नाहीत. जपानमध्ये २०१४ साली यामानाकांच्या पद्धतीच्या पेशी माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा बसवल्या, पण त्या होत्या पडद्याखालच्या रंगद्रव्याच्या थराच्या. त्यांना कुठं जायचं नसतं, जिथं बसवल्या तिथंच काम करायचं असतं. अडचण पेशी मिळण्याची नाही, वाटेची आहे.

न्यूयॉर्कमध्ये मे २०२३ मध्ये एका माणसाला चेहऱ्याच्या भागासोबत आख्खा डोळा बसवला. तो वीजवाहिन्यांवर काम करणारा लाईनमन होता, उच्च दाबाच्या तारेचा धक्का बसून चेहरा आणि डोळा गेला होता. दोन नसा जोडल्या त्या जागी शल्यवैद्यांनी दात्याच्या अस्थिमज्जेतल्या स्टेम सेलही सोडल्या. डोळ्यात रक्तपुरवठा राहिला, डोळ्याचा दाब राहिला, पडद्यानं उजेडाला विजेचा थोडा प्रतिसादही दिला. नजर आली नाही. जगातल्या सगळ्यात सज्ज चमूनं ताज्या जोडावर सोडलेल्या पेशींची ही गोष्ट आहे, आणि त्यांनी ती जशी घडली तशी सांगितली.

मग जाहिरातीतल्या इंजेक्शनात काय असतं? बहुधा कमरेच्या हाडातून ६० ते १०० मिलिलिटर मज्जा ओढतात, किंवा पोटाची चरबी घेतात. ती यंत्रात फिरवून दाट करतात आणि डोळ्यामागं, डोळ्यात, शिरेत किंवा पाठीच्या मणक्यात सोडतात. मज्जेतल्या त्या पेशींमध्ये मेसेंकायमल स्टेम सेल असतात त्या दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी. सोबत मिळणारा अहवाल भारदस्त असतो: सीडी ३४ (स्टेम सेल ओळखायची एक खूण) इतके, जिवंत पेशी ९५ टक्के. तो अहवाल सिरिंजमध्ये पेशी जिवंत होत्या एवढंच सांगतो. डोळ्यात गेल्यावर त्या काय करतील याबद्दल त्यात एक अक्षरही नसतं. या पेशींपासून नवी गँग्लियन पेशी होत नाही. त्या बीडीएनएफसारखे पोषक पदार्थ सोडतात, आणि उंदरांत ताज्या इजेवर दिल्या तर मरू घातलेल्या काही पेशी तगतात. ही कल्पना चांगली आहे आणि तिच्यावर काम व्हायला हवं. कोरिया आणि चीनमध्ये अगदी मोजक्या रुग्णांवर पहिल्या टप्प्याच्या चाचण्या झाल्या, त्या मुख्यतः उपचार सुरक्षित आहे का हे बघायला. पण तगवायला पेशी उरलेली लागते. अपघाताला वर्ष झालेल्या, नसेचं तोंड पांढरं पडलेल्या, ओसीटीत ५० मायक्रॉन राहिलेल्या माणसात तगवायचं कुणाला? आणि या दवाखान्यांत जाणारे बहुतेक नेमके असेच असतात. म्हणजे उपचार विकणाऱ्याचा स्वतःचा सिद्धांत धरला तरी त्यांना उपयोग होण्याची शक्यता नाही. मला यातली सगळ्यात मोठी फसवणूक हीच वाटते.

"पण अमक्याला फरक पडला की." हे वाक्य प्रत्येक घरात येतं, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. फरक कशानं पडला हे मात्र बघावं लागतं. वर सांगितलेला आकडा आठवा: काही न करताही बऱ्याच जणांची नजर पहिल्या काही महिन्यांत थोडी परतते. त्या काळात इंजेक्शन दिलं तर श्रेय इंजेक्शनाला जातं. दुसरं, मधली नजर गेलेला माणूस हळूहळू कडेनं बघायला शिकतो. मान किंचित वळवली की उरलेल्या कोपऱ्यातून अक्षर सापडतं. नस तीच, वापर सुधारला. तिसरं, बोटं मोजण्याची तपासणी फार ढिली असते. आज एका फुटावर मोजली, उद्या तीन फुटांवर, उजेड बदलला, बोटं हलली, कुणी दुसरा डोळा नीट झाकला नाही, एवढ्यानंही फरक येतो. डोळ्याची खबर मेंदूपर्यंत पोचते का हे मोजणाऱ्या व्हीईपी नावाच्या तपासणीचा आलेखही लक्ष लागलं नाही की बसतो आणि लागलं की उठतो. म्हणून ‘सुधारणा’ दाखवणाऱ्याकडं चार गोष्टी मागाव्यात: आधीचं आणि सहा महिन्यांनंतरचं ओसीटी, दोन्ही वेळचं नजरेच्या क्षेत्राचं छापील चित्र, एकाच तक्त्यावर एकाच अंतरावरून मोजलेली नजर, आणि ज्यांना पेशी दिल्या नाहीत अशा सारख्याच रुग्णांचं काय झालं याची नोंद. चौथी गोष्ट कुठल्याच जाहिरातीत सापडणार नाही.

"उपयोग नाही झाला तर नुकसान तरी काय?" हा दुसरा प्रश्न. नुकसान होतं. २०१७ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात फ्लोरिडातल्या तीन स्त्रियांची हकिगत छापून आली. वयपरत्वे पडदा झिजण्याचा आजार होता, पण थोडंफार दिसत होतं. स्वतःच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या, प्रत्येकीकडून ५,००० डॉलर घेऊन. काही दिवसांतच रक्तस्राव झाला, पडदा सुटला, तिघींची उरलेली नजर जवळजवळ गेली. अशा पेशी डोळ्यात आकुंचन पावणारं जाळं धरू शकतात आणि ते जाळं पडद्याला ओढून सोडवतं. स्वतःच्या अंगातली वस्तू म्हणून ती निरुपद्रवी, असा याचा अर्थ होत नाही. एका डोळ्याची नस गेलेल्या माणसाच्या चांगल्या डोळ्यातही ‘ताकदीसाठी’ इंजेक्शन द्यायचं कुणी सुचवलं, तर तिथून त्याच क्षणी उठून यावं.

एक गोंधळ मात्र मनापासून दूर करायला हवा, कारण त्यात लोकांची चूक नाही. "डोळ्याला स्टेम सेल लावतात, हैदराबादला होतं," असं कुणी सांगतं तेव्हा ते खरं असतं. पण ते पारदर्शक पटलासाठी, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या काचेसाठी. तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान पोरानं दाबली आणि चुना डोळ्यात उडाला, की पटलाच्या कडेच्या स्टेम सेल जळतात आणि पटल पांढरं होतं. निपाणीकडच्या घरांना हे वेगळं सांगायला नको. चुना गेला तर आधी किमान अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार, पापणी उलटून कण काढणं, मग दवाखाना. पुढं चांगल्या डोळ्याच्या कडेचा २ बाय २ मिलिमीटरचा तुकडा घेऊन, त्याचे आठ-दहा बारीक तुकडे करून, वारेच्या पडद्यावर जैविक गोंदानं बसवतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत घडवलेली ही पद्धत २०१२पासून जगभर गेली. तिथं पेशींना फक्त बसल्या जागी पसरायचं असतं, म्हणून ती चालते. पुढच्या काचेचं यश मागच्या नसेच्या नावावर खपवणं, हे या धंद्यातलं नेहमीचं आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांत होणारं मज्जारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा इतर वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. ही एकच कसोटी पुरेशी आहे: पैसे मागितले तर ती चाचणी नाही. चाचणी आहे म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. त्यात वर्ष, महिना आणि अनुक्रमांक असतो. सीटीआरआयच्या संकेतस्थळावर तो टाकून आजाराचं नाव, दवाखान्याचा पत्ता, नैतिक समितीची मंजुरी आणि चाचणी चालू आहे की संपली, हे जुळवून बघा. क्रमांक गुडघ्याच्या चाचणीचा आणि इंजेक्शन डोळ्याला, असंही असू शकतं. अमेरिकेच्या नोंदवहीतला क्रमांक म्हणजे मंजुरी नव्हे, तिथं स्वखर्चानं चालणाऱ्या चाचण्याही नोंदल्या जातात. संमतीपत्र मराठीत मागण्याचा तुमचा हक्क आहे. इंग्रजी किंवा कन्नड कागद पुढं सरकवून "इथं सही करा" म्हटलं तर सही करू नका, कागद घरी आणा.

पैसे जाऊन बसले असतील तर सीमाभागातल्या माणसाला वाटतं, दवाखाना पुण्या-मुंबईला, आपण कर्नाटकात, कुठं दाद मागणार? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बेळगावात. मुदत दोन वर्षांची. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. डॉक्टरविरुद्धची तक्रार मात्र त्याची नोंदणी ज्या राज्याच्या वैद्यकीय परिषदेत आहे तिथं जाते. पावती, संमतीपत्राची प्रत, जाहिरातीचा व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. पावतीवर नुसतं ‘प्रोसिजर’ लिहिलं असेल तर काय आणि कुठल्या डोळ्यात दिलं, हे लिहून मागा. आणि आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक असो की महाराष्ट्राची जनआरोग्य योजना, कुठल्याही कार्डावर नसेचा हा उपचार बसत नाही. कुणी बसवून देतो म्हणाला तर तो तिथंही खोटं बोलतो आहे.

नस जाण्याची सगळी कारणं अपघाताची नसतात, आणि काही वेळेवर पकडता येतात. टीबीच्या औषधांतलं इथॅम्बुटॉल नसेवर उतरू शकतं. मात्रा वजनाच्या किलोला १५ मिलिग्रॅमच्या आसपास असते तेव्हा धोका कमी, वाढली की धोका वाढतो, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर नेहमीची मात्राही जड जाते. आता सहाही महिने हे औषध चालतं, म्हणून रोज सकाळी ‘तरुण भारत’ एकेक डोळा झाकून वाचून बघावा. अक्षर पुसट झालं किंवा लाल रंग विटका वाटू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं. वेळेत थांबवलं तर बरीच नजर हळूहळू परतते. औषध मनानं मात्र बंद करू नये.

खऱ्या संशोधनाची दिशाही सांगायला हवी, कारण आशा ठेवायची ती तिथं. २००८ साली ‘झिगांग हे’ या संशोधकाच्या प्रयोगशाळेत उंदराच्या गँग्लियन पेशीतलं पीटीईएन हे जनुक बंद केल्यावर तुटलेले धागे पुन्हा वाढू लागले. २०२० साली हार्वर्डच्या गटानं यामानाकांनी पेशीला मागं नेण्यासाठी वापरलेल्या चार घटकांपैकी तीन वापरून उंदराच्या जुन्या पेशीच तरुण केल्या, आणि चिरडलेल्या नसेत धागे वाढले. म्हणजे आहे त्याच पेशीला वाचवायचं आणि वाढायला लावायचं. मला हा रस्ता बाहेरून पेशी आणून घालण्यापेक्षा जवळचा वाटतो. पण उंदराच्या नसेत धागे पन्नास हजाराच्या आसपास, लांबी काही मिलिमीटर, आणि इजा संशोधकानं ठरवून केलेली, उपचार आधीपासून तयार. रस्त्यावरच्या अपघातात यातलं काहीच हाताशी नसतं.

तोवर उरलेल्या डोळ्याचं काय, हा प्रश्न स्टेम सेलच्या धावपळीत मागं पडतो. एका डोळ्याच्या माणसाला खोलीचा अंदाज चुकतो. पेल्यात पाणी ओतताना ते बाहेर जातं, पायरी हुकते, विळ्याचा घाव चुकतो. पेल्याच्या काठाला भांडं टेकवून ओतावं, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारावा, रस्ता ओलांडताना मान आंधळ्या बाजूला पूर्ण वळवावी, सोबत चालणाऱ्यानं त्या बाजूला राहावं. काही महिन्यांत मेंदू नवे अंदाज शिकतो, पण तोवर दुचाकी आणि कडबाकुट्टीचं यंत्र दोन्ही लांब ठेवावं. अपंगत्वाच्या दाखल्याबाबत आधीच माहीत असलेलं बरं: दुसरा डोळा चांगला असेल तर एक डोळा पूर्ण जाऊनही ३० टक्केच धरतात आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात, त्यामुळं त्या भरवशावर नोकरी सोडू नये. दोन्ही डोळ्यांची नजर गेली असेल तर यूडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी) लगेच अर्ज करावा, पांढऱ्या काठीचं शिक्षण घ्यावं आणि मोबाईलवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय) सुरू करून मराठी आवाज निवडावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी चांगल्या डोळ्याचा दाब वर्षाला तपासावा, कारण काचबिंदूही याच नसेवर घाला घालतो आणि दुखत काहीच नाही. आणि नंबर नसला तरी चष्मा लावावा, काचेचा नव्हे, पॉलिकार्बोनेटचा, मधोमध किमान २ मिलिमीटर जाडीचा. उसात जाताना, लोखंड घासताना, दुचाकीवर मागं बसतानासुद्धा.